जगप्रदक्षिणेचं अंदाजपत्रक

आमच्या यांना खात्यात सगळे 'दहाटक्के' म्हणायचे. नवीन माणसाला वाटायचं, बाप रे, उघडउघड खातो की काय हा! खाण्याचं राहू द्या, चौतीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने कंत्राटदाराचा फुकटचा चहासुद्धा प्यायला नाही. शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या बांधायच्या आधी त्यांची अंदाजपत्रकं करायची, हे यांचं काम. विटा किती, वाळू किती, गवंडी किती दिवस, सुतार किती दिवस, आणि शेवटी आकस्मिक खर्च म्हणून वर दहा टक्के. बाकीचे पाच धरायचे, हे दहा. वरिष्ठ कटकट करायचे, पण काम संपल्यावर यांचाच आकडा बरोबर निघायचा. मग नाव पडलं ते पडलंच.

बारा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी हे साइटवरून चिखलाने भरलेले बूट घेऊन तसेच घरात आले आणि म्हणाले, "निवृत्त झालो ना, की आपण वर्षभर जग फिरायचं. पूर्ण गोल. इकडून निघायचं आणि तिकडून परत यायचं."

मी म्हटलं, "आधी ते बूट बाहेर काढा."

मला वाटलं, बोलण्यावारी जाईल. पण पुढच्याच रविवारी हे आखीव कागदांचा गठ्ठा घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले आणि 'जगप्रदक्षिणा, कालावधी बारा महिने' असा मथळा टाकला. खाली रकाने: बाब, नग, दर, रक्कम, शेरा. बाब एक, विमानाची तिकिटं. बाब दोन, बोटीची. बाब तीन, प्रवासी, दोन नग. मला नग म्हटलं होतं, मी ते हसून घेतलं. हसायचं वय होतं.

त्यानंतर दर वर्षी हे अंदाजपत्रक नव्याने व्हायचं. खात्यात दर वर्षी दरसूची बदलते, म्हणून घरातही बदलायची. जपानमध्ये खोलीचं भाडं वाढलं, पेरूमध्ये बसचं उतरलं, नॉर्वेत साध्या पावाला एवढे पैसे लागतात हे बघून यांचे डोळे पांढरे झाले. लशी, विमा, व्हिसाची फी, कपडे धुण्याचा खर्च देशवार. बुटांची झीज तर यांनी किलोमीटरवर काढली होती. मी चेष्टेने विचारलं, "आणि आपली झीज?" तर म्हणाले, "ती औषधांत धरली आहे." खरंच धरली होती.

पैसे कुठून आले म्हणाल तर घरातून. जुना फ्रिज दार दोरीने बांधून चालवला. गाडी घेतली नाही. बाहेर जेवायला जायचं म्हटलं की हे खाली मान घालून म्हणायचे, "त्यात केनियातले दोन दिवस निघतात." मग काय बोलणार! मी बारा वर्षं केनियात दोन-दोन दिवस साठवत राहिले. आणि खोटं कशाला सांगू, मलाही जायचं होतं. यांच्याइतकंच, कदाचित जास्तच.

जास्त का, ते सांगते. सहा वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण त्या परत उभ्या राहिल्या नाहीत. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत पलंगावर आणि मी त्यांच्या हाकेच्या टप्प्यात. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री दोनला उठायचं, चारला उठायचं. अंग पुसणं, चादरी, खाणं भरवणं, औषधं, मालिश. मी शिवणकामाचे वर्ग घेत होते, ते बंद झाले. लेक दुसऱ्या देशात, ती फोनवर "आई, जपून गं" म्हणते. नणंद तिच्या घरी बसून आईची काळजी करते, आणि ते काम ती अगदी मन लावून करते.

हे वाईट नाहीत. रोज ऑफिसातून आले की आईच्या दारात उभे राहून "काय, बरं आहे ना?" विचारायचे. पण हात लावायची वेळ आली की यांना एकदम कुठलातरी कागद आठवायचा. मी कितीदा मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं असेल, पण तोंडाने काही बोलले नाही. कारण मी दिवस मोजत होते. निवृत्ती इतकी वर्षं, मग इतके महिने. एकदा निघालो की वर्षभर कुणी मला हाक मारणार नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी सहा वर्षं काढली. मागे सासूबाईंचं काय, हा प्रश्न माझ्या मनात यायचा, नाही असं नाही. पण वाटायचं, पावाचा तुकडा मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या आईची सोय मोजली नसेल होय?

निवृत्तीला तीन महिने राहिले तेव्हा यांनी पक्की प्रत केली. खात्यात पक्की प्रत झाली की दोघांनी बसून वाचायची पद्धत असते: एकाने बाब मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने कच्च्या प्रतीवर बरोबरची खूण करायची. इतकी वर्षं हे वाचन यांच्या ऑफिसातले एक जुने कारकून जेवणाच्या सुट्टीत करायचे. ते निवृत्त झाले, म्हणून या वेळी मला बसवलं. रविवारची दुपार होती, सासूबाईंचा डोळा लागला होता.

मी वाचत होते, हे खुणा करत होते. दोनशे चौदा बाबी. माझा घसा सुकला. शेवटी 'संकीर्ण' आलं. घराला कुलूप, वीजबिल, झाडांना पाणी घालणाऱ्याचे पैसे. आणि मग बाब दोनशे सहा. "आईची देखभाल, बारा महिने," मी वाचलं. "दर, रेघ. रक्कम, रेघ. शेरा, खात्यामार्फत."

यांनी खूण केली. "पुढे."

मी पुढे गेले नाही. "खात्यामार्फत म्हणजे?"

"म्हणजे गं, जे काम आपल्याच माणसांकडून करून घ्यायचं असतं, त्याला दर लावत नाहीत. पगारी गवंडी असला तर त्याची मजुरी वेगळी धरत नाहीत ना, तसं. पुढे वाच."

"कोणाकडून करून घ्यायचं?"

"घरच्या माणसाकडून."

"घरचं कोणतं माणूस?"

आता यांनी वर बघितलं. मी कागद उलटे करत पहिल्या पानावर गेले आणि वाचलं, "बाब तीन. प्रवासी, दोन नग. अहो, मी इथे तुमच्याबरोबर विमानात बसले आहे. मग मागे आईंची कूस कोण बदलतंय?"

यांचं तोंड बघण्यासारखं झालं. एकाच ट्रकभर वाळूचं बिल दोन कामांवर लावणारे कंत्राटदार यांनी आयुष्यभर पकडले होते. आणि इथे आख्खी बायको दोन ठिकाणी लावली होती, ती सहा वर्षांत एकदाही दिसली नाही. मला वाटलं, आता तरी हे काहीतरी बोलतील. बोलले. म्हणाले, "अरेच्चा! एक माणूस दोनदा धरलं गेलं. बेरीज चुकली."

बेरीज! माझ्या अंगाची लाही लाही झाली. हातातले कागद टेबलावर टाकले आणि आत गेले, कारण चार वाजले होते आणि कूस बदलायची होती.

चूक सापडली की हा माणूस स्वस्थ बसत नाही, एवढं खरं. चार दिवसांनी यांनी एका संस्थेला फोन करून माणूस बोलावलं. आजारी माणसांसाठी बाया पुरवणारी संस्था. तिथल्या एक जाड चष्म्याच्या बाई आल्या. त्यांनी पलंग बघितला, मोरी बघितली, सासूबाईंची पाठ बघितली. "एकही जखम नाही," त्या म्हणाल्या, "कोण बघतं?"

"मी."

"आणि रात्री?"

"मीच."

त्यांनी वही मिटली. यांना म्हणाल्या, "दिवसाची एक, रात्रीची एक. शिवाय दोघींच्या सुट्ट्यांना तिसरी. एका बाईवर मी हे काम देत नाही, ती महिन्याभरात पळून जाते."

"पण ही एकटीच करते," हे म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, आपली एक माहिती म्हणून.

"दिसतंय," बाई म्हणाल्या. "कंबर धरूनच उभ्या आहेत मघापासून." मग त्यांनी दर सांगितला, आणि रात्रीचा दीडपट असतो हेही सांगितलं.

आतून सासूबाई ओरडल्या, "कोण आलंय गं? मला कुठे नेणार असतील तर आधीच सांगते, मी जाणार नाही!" कान मात्र शाबूत आहेत हो त्यांचे.

त्या आकड्याने सगळ्याची वाट लागली. बाब दोनशे सहामध्ये रेघेच्या जागी तो टाकल्यावर जगप्रदक्षिणेच्या निम्म्याहून जास्त पैसे आईच्या खोलीतच संपत होते. हे दोन दिवस टेबलावरून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी साहेबांपुढे ठेवतात तसे दोन कागद माझ्यापुढे ठेवले. पर्याय अ: दोघांनी जायचं, बाया ठेवायच्या, कालावधी साडेचार महिने. पर्याय ब: एकाने जायचं, एकाने घरी राहायचं, देखभाल खात्यामार्फत, कालावधी पूर्ण बारा महिने.

"ब जरा किफायतशीर पडतो," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "अर्थात, मी काही ठरवलेलं नाही. तू बघ."

"ब मध्ये कोण जायचं?"

"ते लिहिलेलं नाही मी."

लिहिलेलं नव्हतं खरं. पण चौतीस वर्षं मी एका अंदाजपत्रकवाल्याच्या घरात राहिले आहे, कागद मलाही वाचता येतो. मी बाबी बघत खाली आले. बूट, पुरुषी, दोन जोड. दाढीचं सामान. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसत बसले, पुसतच बसले.

"अगं, तुला नकाशे वाचता येत नाहीत," शेवटी म्हणाले. "आणि मला आईचं काही जमत नाही."

"मलाही जमत नव्हतं," मी म्हटलं. "सहा वर्षांपूर्वी."

भांडले नाही. भांडायला ताकद लागते, ती मी सकाळीच चादरी पिळून संपवली होती. एवढंच विचारलं, "तुमच्या खात्यात नवीन प्रकारचं काम आलं, ज्याचा दर कुणाला माहीत नाही, तर काय करता?"

"नमुना काम करून बघतो. थोडं करायचं, उभं राहून माप घ्यायचं, किती वेळ लागला ते लिहायचं."

"मग घ्या आठ दिवसांची रजा आणि करा नमुना काम. मी ताईकडे चालले."

यांना वाटलं मी चिडून बोलतेय. मी पिशवी भरली, औषधांची यादी दारावर चिकटवली, कूस कशी बदलायची ते दोनदा करून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "हा? हा करणार? मेले मी!" मी म्हटलं, "आई, आठच दिवस. नीट करत नसला तर ओरडा, ते तुम्हाला छान जमतं." आणि निघाले.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, बसने तीन तासांवर राहते. तिने माझ्याकडे बघून नुसतं "आलीस?" म्हटलं आणि बिछाना घालून दिला. मला वाटलं होतं, आठ दिवस मेल्यासारखी झोपेन. कसली झोप! रात्री दोनला टक्क डोळे उघडे. चारला परत. दुपारी कुणी शेजारच्या घरात हाक मारली तरी मी अर्धी उठून बसायची. पहिल्या दिवशी यांचे सात फोन आले. जुन्या चादरी कुठे, आई गोळी थुंकते, थर्मास कुठला. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी एक, तोही रात्रीच्या गोळीपुरता. चौथ्या दिवसापासून फोन बंद. मग मलाच काळजी. ताई म्हणाली, "खबरदार फोन केलास तर!" मी केला नाही, पण फोन हातातून खालीही ठेवला नाही.

आठव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास घरी पोचले. दार यांनी उघडलं. दाढी वाढलेली, सदऱ्यावर औषधाचे डाग, आणि हात कमरेवर. मी आत जाऊन आधी सासूबाईंची पाठ बघितली. एके ठिकाणी लालसर झाली होती, पण जखम नव्हती. चादर वाकडी घातलेली, पण स्वच्छ.

"पाणी फार गरम देतो," सासूबाई म्हणाल्या. "विंचरायला तर येतच नाही. सहाव्या दिवशी इथेच पायाशी बसून रडला." मग म्हणाल्या, "तू कुठे गेली होतीस? मला आवडलं नाही."

बाहेर आले तर हे टेबलाशी बसले होते. पुढ्यात खात्यातली मोजमापाची वही. साइटवर माप घ्यायचे तशी सगळी नोंद. कूस बदलणे, एका वेळी नऊ मिनिटं, दिवसात अकरा वेळा. भरवणे, चाळीस मिनिटं, चार वेळा. चादर धुणे, अंग पुसणे, थुंकलेली गोळी परत देणे, हाकेला जाऊन 'काही नाही, सहज बोलावलं' हे ऐकून परत येणे. तीही बाब धरली होती. एकूण दिवसाला तेरा तास वीस मिनिटं.

"एका माणसाची पाळी आठ तासांची धरतात," हे म्हणाले. आवाज बसला होता. "हे एका माणसाचं काम नाही. मी कुठल्याही साइटवर हे पास केलं नसतं."

मी उभीच होते. यांनी पुढचं पान उलटलं. त्या चष्म्याच्या बाईंनी सांगितलेला दर, रात्रीचा दीडपट, सहा वर्षांचे दिवस, मी ताईकडे काढलेले आठ सोडून. शेवटी सवयीने दहा टक्के. गुणाकार करून खाली एक आकडा लिहिला होता आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. शेजारी आमच्या जगप्रदक्षिणेच्या पैशांचा आकडा. तो लहान होता.

"बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, मी पैसे साठवले म्हणून," हे म्हणाले. "यातलं निम्मं तर बाया न ठेवल्यामुळे साठलं. मी नाही साठवलं. ही सगळी रक्कम तुझी निघते. वर याच्या दुपटीहून जास्त माझ्याकडे बाकीच राहते." बँकेचं पुस्तक त्यांनी माझ्याकडे सरकवलं. "बाया उद्यापासून येतील, मी बोललोय. तू जा, नको जाऊस, एकटी जा, मला ने, नको नेऊस. कुठे जायचं ते तू सांग. मी तसं बसवून देतो."

सहा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. आणि आता ते आलं तर माझ्या डोक्यात काही म्हणजे काही येईना. यांनी भिंतीवर लावलेल्या जगाच्या नकाशाकडे बघितलं. जपान, पेरू, नॉर्वे, केनिया. ती सगळी यादी यांची होती, मी नुसतं हो-हो केलं होतं. मला स्वतःला कुठे जायचंय? एक गाव आठवेना, एक रस्ता आठवेना, एक खिडकी आठवेना. हे पेन उघडून बसले होते, मी सांगेन ते लिहायला. आणि मला रडू फुटलं. पैशांचं नाही, त्या पुरुषी बुटांचंही नाही. इतकी थकले होते की मला काही हवंसं वाटणंच बंद झालं होतं, आणि ते कधी बंद झालं हे मला कळलंही नव्हतं.

"सांग ना," हे घाबरून म्हणाले. "काहीही सांग."

"आधी मला झोपू द्या," मी म्हटलं. "उठले की सांगते."

बाहेरच्या खोलीत गेले, दार लावलं आणि भरदुपारी बिछान्यावर आडवी झाले. पाच मिनिटं झाली नसतील, आतून सासूबाईंची हाक आली. मग दुसरी आली. मी उठले नाही.